रेशमी लुगड्यातला फोटो

रेशनकार्डांची तपासणी सुरू झाल्यापासून शरदिनीकाकू गल्लीतल्या प्रत्येक अनोळखी माणसाला दाराआडून न्याहाळत. गंगेकाठच्या पंचगंगा घाटाच्या वर दोन खोल्या, नवऱ्यामागे कुणी नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या श्राद्धाचा स्वयंपाक करून त्या जगत. कार्ड गेलं तर गहू-तांदूळ गेले. तपासणीवाला न सांगता येतो, घर बघतो, फोटो काढतो, एवढंच कळलं होतं. नेमकं काय बघतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारीण चुगली करील, हा संशय होताच. भाचीने दिलेला मिक्सर त्यांनी पलंगाखाली ढकलला, पितळी डबे श्राद्ध सांगणाऱ्या ढुंढिराज गुरुजींकडे ठेवले. लपवण्याजोगं इतकं थोडं निघालं, याचाच त्यांना राग आला.

तो आला तेव्हा काकू श्राद्धाची खीर ढवळत होत्या.

"दूर से, बेटा. छूना मत."

तो उंबऱ्याशीच थांबला. चेहरा मिटल्यासारखा झाला. काकूंनी रिकाम्या फळ्या दाखवल्या. त्याने त्यांचा फोटो काढला आणि निघाला.

तेवढ्यात गुरुजी यजमानांना घेऊन आले. "कोण होता?"

"तपासणीवाला. घर बघितलं, माझा फोटो काढला. बघू देत काय बघायचं ते."

"या रेशमात, काकू?"

काकूंनी स्वतःकडे पाहिलं. सासूबाईंचं सोवळ्याचं लुगडं. त्याला कुणी कपडा म्हणून बघेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"अहो, सोवळ्यात बाहेर कुठे! स्वयंपाक बाटेल!"

गुरुजी ओरडेपर्यंत काकू गल्लीत पोचल्या होत्या. गर्दीला घासत त्यांनी त्याला गाठलं.

"बेटा, ये पूजा का है. सास का."

"सब यही कहती हैं, अम्मा."

काकूंनी खांद्यावरून पदर काढला आणि दोन्ही हातांनी उजेडात ताणून धरला. रेशीम जाळीसारखं विरलं होतं, जागोजागी रफू. दुकानदार बघत होते. त्याच्या मोबाइलवर फोटो निघाल्याचा आवाज झाला.

"पहलावाला मिटा दो."

"वो तो चला गया."

"फिर देखेंगे कौन-सा?"

"दफ्तरवाले जानें."

परतल्यावर काकूंनी खीर बाहेरच्या गाईला घातली. गुरुजी यजमानांना थोडं थांबा म्हणत होते. दुसरं सोवळं घरात नव्हतं. काकूंनी तेच लुगडं नेसून डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानेच पुन्हा चूल पेटवली.