डाव्या दांडीवरचं गंध

माझ्या सासूबाई म्हणायच्या, वाहन आणि सून पारखून आणावी. एवढं म्हणून माझ्याकडे बघायच्या आणि उसासा टाकायच्या. त्यामुळे आमच्या घरात जुनी स्कूटर घ्यायचं ठरलं तेव्हा ती पारखायला त्याही येणार, हे वेगळं सांगावं लागलं नाही. एका शुक्रवारी सकाळी सासूबाई, माझे यजमान आणि मी टांग्यासारख्या जटक्यात बसलो. सासूबाईंच्या मांडीवर पिशवी होती, तिच्यात नारळ, कापूर आणि चाकांखाली चिरडायला लिंबं. गाडी बघण्याआधीच तिची पूजा ठरली होती. आमचं निम्मं चुकलं ते तिथेच.

गाडी खरी मला हवी होती. मी कुंभकोणमला बाळंतपणाचं काम करायचे, रीतसर शिकून आणि परीक्षा देऊन. गावातली बोलावणी पायी भागत. खेड्यांतून मात्र आधी माणूस धावत यायचा, मग बैलगाडी जुंपायची, मग कालव्याकाठचा चिखल. दोनदा मी पोचले तेव्हा ओसरीवर रडणं सुरू झालं होतं. दुसऱ्या वेळेनंतर चार दिवस मला अन्न गेलं नाही. यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "आपण स्कूटर घेऊं. मी चालवीन, तूं औजारांची पेटी धरून मागें बैस." एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर त्यांनी हात साफ करून घेतला होता. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि बाळंतीण काही तेवढी थांबत नाही. म्हणून जुनी.

विकणारा विड्याच्या पानांचा व्यापारी होता. स्कूटर त्याच्या दारात धुऊन पुसून उभी होती, फिकट पोपटी रंगाची. आयुधपूजा होऊन दहाएक दिवस झाले होते, आणि आमच्या गावात त्या दिवशी कात्रीपासून बैलगाडीच्या जूपर्यंत साऱ्याला गंध-कुंकू लागतं. माझ्या पेटीलाही लागलं होतं. तसंच त्या गाडीलाही जागोजाग लावलेलं होतं. यजमान रस्त्यातच थबकले.

"रंग बघितलास?" ते म्हणाले.

"रंगानें चालणार काय ती?"

पण गडी रंगावर भाळून गेला होता. चित्रकाराला जुनी वस्तू घ्यायला पाठवू नये, हे मी तेव्हा शिकले.

व्यापारी तमिळमध्ये सुरू झाला. आम्हां मराठी लोकांना तिथे रायर म्हणत. "रायर, एकाच हातातली गाडी आहे. दुकानातून देवळात आणि देवळातून दुकानात, एवढीच चालली. एकदाही पडलेली नाही. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आत देणंघेणं उरकू. संध्याकाळी तिरुप्पनंदाळहून दुसरे एक जण बघायला येणार आहेत." राहुकाळात आमच्याकडे नवं लुगडंसुद्धा घडी मोडून नेसत नाहीत. तेव्हा नऊ वाजले होते. म्हणजे माझ्या हातात दीड तास होता.

बसच्या शेडमधल्या एका मिस्त्रीच्या बायकोला मी बाळंतपणात सोडवलं होतं. त्यानं मला दोन-चार गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. त्यातली पहिली म्हणजे इंजिनला हात लावून बघायचं. गरम लागलं तर समजायचं, तुम्ही यायच्या आधी मालकानं खटपट करून चालू करून ठेवली आहे. मी हात लावला. गार होतं. दुसऱ्याच लाथेला गाडी सुरू झाली. आधी निळसर धूर आला, मग पातळ झाला. यजमानांनी प्लग काढून दाखवला, तोही भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा छान तपकिरी. ब्रेक लागत होते, गिअर पडत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या कामात ज्या घरी दारातच 'सगळं ठीक आहे' म्हणतात, तिथे मी दोनदा तपासते.

"पेटी घेऊन मी मागें बसतें आणि एक फेरी मारूं," मी म्हटलं. व्यापारी का कू करू लागला, तेव्हा सासूबाई त्याच्या म्हाताऱ्या आईशेजारी ओट्यावर जाऊन बसल्या. आम्ही पळून गेलोच तर जामीन म्हणून त्या होत्याच. तो जामीन कोणी ठेवून घेतला नसता, हा भाग वेगळा.

आम्ही तिरुवलंचुळीपर्यंत गेलो. हवा तोंडावर येत होती आणि बैलगाड्या मागे पडत होत्या. क्षणभर मला वाटलं, घ्यावी डोळे मिटून. मग माझं लक्ष यजमानांच्या उजव्या खांद्याकडे गेलं. तो सारखा ताठत होता.

"हात दुखतो काय?"

"सवय नाहीं, एवढेंच."

"गाडी डावीकडे ओढते काय?"

"रस्ताच डावीकडे उतरता आहे."

देवळापाशी वळून आम्ही परत निघालो. मी त्यांना हळू चालवायला सांगितलं आणि मूठ जराशी सैल सोडायला लावली. चाक डावीकडे गेलं. आता मात्र मी चिडले. "जातांना नदी उजवीकडे होती, येतांना डावीकडे आहे. ओढ दोन्ही वेळां डावीकडेच. रस्ता काय आपल्या संगतीं वळला?" त्यांनी मूठ पुन्हा घट्ट धरली. मला पेटी एकाएकी फार जड वाटू लागली.

परत पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सासूबाईंनी चाकांसाठी लिंबं काढून ठेवली होती आणि व्यापाऱ्यानं कागद काढून ठेवला होता. मी पुढच्या चाकासमोर उकिडवी बसले. चाकाच्या दोन्ही अंगांनी फोर्कच्या दोन दांड्या खाली येतात. उजव्या दांडीवर गंधाचा एक ठिपका होता, तांदळाएवढा. गाडीवर बाकी सगळीकडेही तसेच ठिपके. डाव्या दांडीवर मात्र चार बोटं रुंद जाड थर होता, थरावर थर चढून भेगाळलेला, आणि त्यावर कुंकू.

इथेच एवढं का?

मी अंगठा लावला.

"हात काढ!" सासूबाई ओट्यावरून उठल्याच. "सवाष्ण ना गे तूं? सवाष्णीनें कुंकू पुसूं नये. त्या गाडीवर माझा लेक बसणार आहे!"

माझा हात थांबला. मी शिकलेली, नाळ कापताना कधी बोट न थरथरलेली बाई. पण खरं सांगते, अंगठा पुढे सरकेना. माझ्या नवऱ्याचं वाहन, त्यावरचं कुंकू आणि पुसणारा अंगठा माझा. उद्या काही झालं असतं, तर त्याचं कारण सगळ्या गल्लीला पाठ असतं. मलासुद्धा.

"राहूं दे गे," यजमान हळूच म्हणाले. "घरीं नेऊन बघूं."

"दहा मिनिटं राहिली, रायर," व्यापारी म्हणाला. त्याची नजर घड्याळावर नव्हती, माझ्या अंगठ्यावर होती. ते मला दिसलं आणि मी नख घातलं.

पापुद्रे सुटू लागले. सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि देवाचं नाव घेतलं. खाली लोखंडावर झाळून जोडल्याचा फुगीर वण निघाला. यजमान वाकून म्हणाले, "झाळलेलें तें उलट घट्ट असतें." मी त्यांचं बोट धरलं आणि वणाच्या कडेवरून फिरवलं. कडेला केसाएवढी तांबूस रेघ होती. नखाला लागत होती; तडाच तो. त्यांनी बोट काढून घेतलं.

"हे कधीचं?" मी तमिळमध्ये विचारलं. व्यापारी कागदाची घडी घालू लागला. बोलली ती त्याची आई, ओट्यावरून.

"गेल्या पावसाळ्यात पानांच्या टोपल्या घेऊन हा पुलावरून खाली गेला. बैलगाड्यांच्या लोहारानं जोडून दिलं. टिकेल म्हणाला." ती माझ्या नखातल्या कुंकवाकडे बघत होती. "तेव्हापासून दर शुक्रवारी मी तिथे गंध लावते. टिकू दे म्हणून."

मला व्यापाऱ्याचा संताप आला होता. तिचा येईना. ती आणि मी एकाच दांडीला भीत होतो. तिनं ती झाकली होती आणि मी उघडी केली होती, एवढाच फरक.

"या दांडीवर मी बसणार नाहीं," मी यजमानांना म्हटलं. "आणि तुम्हांलाही बसूं देणार नाहीं."

म्हातारीनं मुलाला खडसावलं. नवा फोर्क मद्रासहून मागवायचा, तोवर गाडी कोणाला द्यायची नाही, त्या तिरुप्पनंदाळच्या माणसालाही नाही. तो मान खाली घालून हो म्हणाला. राहुकाळ लागला. आम्ही नारळ जसाच्या तसा घेऊन जटक्यात बसलो. वाटेत यजमान एकच वाक्य बोलले, "तीन आठवडे तर लागतील." माझ्या अंगठ्याला घरी पोचेपर्यंत लाली होती.

दुसऱ्या आठवड्यात ऐप्पशीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागला आणि तिरुनीलक्कुडीहून बोलावणं आलं. पहिलटकरीण होती, कळा पहाटेपासून सुरू होत्या. मी बैलगाडीनं निघाले. कालव्यापाशी चाक रुतलं. मी उतरून पेटी डोक्यावर घेतली आणि चिखलातून चालत गेले. पोचले तेव्हा मूल निळं पडलं होतं, गळ्याभोवती नाळ होती. मी करता येईल ते सगळं केलं. नाही झालं. बाई वाचली. अर्धा तास आधी पोचते, तर मूलही वाचतं. हे मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं, आणि पोपटी रंग डोळ्यांसमोरून हलेना.

घरी आले तर सासूबाईंनी न्हाणीघरात पाणी तापवून ठेवलं होतं. मला वाटलं, आता त्या अंगठ्याची गोष्ट काढतील. त्यांनी काढली नाही. माझ्या पाठीवर स्वतः पाणी घातलं. यजमानही काही म्हणाले नाहीत. जे कोणी म्हणालं नाही ते मीच मला रोज म्हणत होते. त्या शुक्रवारी गप्प बसले असते, तर ते मूल रडलं असतं.

फोर्क आला. मिस्त्रीनं आमच्यासमोरच जुना काढला आणि बाजूच्या दगडावर टाकला. काही जोरात टाकला नाही, नुसता टाकला. डावी दांडी त्या रेघेवरून सुटली आणि तुकडा घरंगळत माझ्या पायाशी आला. यजमानांनी तो उचलून उलटसुलट करून पाहिला. माझ्या मनात आलं, त्या पावसात, त्या कालव्यावर, आम्ही दोघं. पण त्यानं ते मूल काही परत येत नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि एकानं दुसरं फिटत नव्हतं.

स्कूटर आम्ही घेतली. पुष्कळ वर्षं चालली. सासूबाई दर शुक्रवारी तिला गंध लावायच्या, तांदळाएवढं. डाव्या दांडीला लावायच्या नाहीत. मी कारण विचारलं नाही.

दीड वर्षानं त्याच तिरुनीलक्कुडीच्या घरून माणूस आला. यजमानांनी मला पाऊण तासाच्या आत दारात उतरवलं. कळा अजून लांब होत्या. त्याच बाईनं भिंतीला धरून खिडकीतून बाहेर पाहिलं, स्कूटरकडे बराच वेळ पाहिलं.

"मागच्या वेळी ही नव्हती का, अम्मा?"

"नव्हती," मी म्हटलं, आणि हात धुवायला पाणी मागितलं.