वाघजाई विलायती गाडीत बसली तेव्हा

त्या सकाळी वाघजाईपुढे हात जोडून उभा राहिलो, तेव्हा माझ्या मनात देवी नव्हती, गाडीच्या टेंपरेचरचा काटा होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण अनुभव सांगायचाच तर खरा सांगावा. गुरवआबा चांदीच्या मुखवट्याला हळद लावत होते, बायका गाणी म्हणत होत्या, आणि मी मनातल्या मनात देवीशी घासाघीस करत होतो. आई, खिंडीपर्यंत काटा मध्यावर ठेव, साडी नेसवतो. वर पठारापर्यंत ठेवलास तर साडी आणि चोळी. वाटेत पंखा बंद पडला, तर मात्र नुसता नारळ. कामशेतच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या विकून मी सुरुवात केली. आज पवनानगरला धरणाच्या काठी माझे तंबू लागतात आणि तालुक्यात लग्नाचे मंडप उभे राहतात. हे सगळं मी भाव करून कमावलं आहे. देवीशी वेगळ्या भाषेत बोलायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या गावची वाघजाई वर पठारावर राहते, पण तिचा मुखवटा वर्षभर खाली गावात गुरवआबांच्या घरी असतो. चैत्रातल्या यात्रेला तो वर न्यायचा. हा मान गावातल्या चार घरांत पाळीपाळीने फिरतो, आणि त्यातलं एक घर आमचं. माझ्या वडिलांनी मागे दुसरं काही ठेवलं नाही. ही पाळी तेवढी ठेवली. बाकी जे काही माझ्याकडे आहे ते मी मिळवलं, हे एवढंच मला मिळालेलं आहे. पूर्वी मुखवटा डोक्यावरून पायी जायचा. वरपर्यंत डांबरी झाली तेव्हापासून गाडीतून जातो, आणि तेव्हापासून कोणाची गाडी हा प्रश्न देवीपेक्षा मोठा झाला.

माझा चुलतभाऊ रामदास माझ्याहून थोडा मोठा. म्हणून त्याला दादा म्हणायचं, नाहीतर म्हणायचं कारण नाही. त्याच्याकडे पांढरी, उंच, देवळाच्या पायऱ्याही चढून जाईल अशी गाडी आहे. माझ्याकडे आहे ती विलायती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिच्या बाजूने बोलायचं की विरुद्ध, हे माझं अजून ठरलेलं नाही. चार दारांची, घरगुती दिसणारी, पण लांब बॉनेटखाली शर्यतीचं इंजिन लपवून बसलेली. लोणावळ्यात तुंगार्लीला एका म्हाताऱ्या शेठजींच्या बंगल्यात ती ताडपत्रीखाली पडून होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. भंगारवालाही बघत नव्हता, कारण त्याला सुटे भाग विकता आले नसते. मी सकाळी चहाला बसलो तो दुपारच्या जेवणापर्यंत उठलो नाही. भाव अर्ध्यावर आणला, मग जॅक मागितला, मग ताडपत्री मागितली. शेवटी शेठजी हात जोडून म्हणाले, "गाडी घेऊन जा, पण परत येऊ नका."

ज्याने ती चालवली नाही त्याला काय सांगणार? लोणावळ्याहून जुन्या हायवेने उतरताना वळणावर ती रस्त्याला अशी धरून चालते, की माणसाला वाटावं आपण काहीतरी चांगलं वागलो असू. आत जुन्या चामड्याचा वास येतो, पुढे अक्रोडाच्या लाकडाची पट्टी आहे. गावात मात्र तिला बेडूक म्हणतात. प्रत्येक गतिरोधकाला पोट घासतं, आणि उन्हाळ्यात तो काटा वर चढायला लागला की माझाही चढतो. कोणी हसलं की मी भांडतो. एकाचा तर मंडप मी मधल्या मधे सोडून आणला होता, वरात दारात असताना.

तर यात्रेआधीच्या बैठकीत रामदासदादा उभा राहिला. "पाळी त्याची हाय, मान्य. पण देवी त्या भंगारात बसवायची? वाटंत बंद पडली तर गावाची शोभा." लोक हसले. मी उठलो. बायको मागून सदरा ओढत होती, तरी उठलो. म्हणालो, देवी माझ्याच गाडीतून जाणार, आणि बाराच्या आरतीला वर पोचणार. दादा शांतपणे म्हणाला, "आणि न्हाई पोचली तर तुझ्या घराची पाळी माझ्या घरात. कायमची." सगळ्या गावासमोर मी होय म्हणालो. घरी येताना बायको एवढंच बोलली, "तोंडाला ब्रेक नाही, आणि निघाले देवीला घेऊन घाट चढायला."

म्हणून त्या सकाळी मला काट्याची काळजी होती. वडिलांचा मान गाडीच्या पाण्यावर ठेवून बसलो होतो.

मागच्या सीटवर पाट, पाटावर शाल, शालीवर मुखवटा. एका बाजूला गुरवआबा, दुसऱ्या बाजूला ओटीचं ताट घेऊन बायको. मागे ढोल-ताशाचा टेंपो, आणि टेंपोमागे, कोणी बोलावलं नसताना, दादाची पांढरी गाडी. आबा सीटवर बसले ते बसतच गेले. "भाऊ, लय खाली बसती की ही. देवीला वाटंल, परत जिमिनीत चालली." मी हसलो नाही. माझं सगळं लक्ष पुढच्या काट्यावर होतं. पण काय सांगू, काटा हलला नाही. ऊन तापलं, चढ सुरू झाला, खिंड आली, खिंड गेली, काटा मध्यावरच होता. गाडी अशी चढत होती की जणू तिला हा रस्ता आधीपासून ठाऊक आहे. मी आनंदाने चोळीवर बांगड्या वाढवल्या. आरशात दादाची गाडी दिसत होती, आणि मला वाटलं, आता याचं तोंड बघण्यासारखं होणार.

ठाकरवाडीच्या अलीकडे रस्त्याला एक जुना आंबा आहे. त्याच्या सावलीत गाडी आली आणि बंद पडली. धूर नाही, आवाज नाही, झटका नाही. झोप लागावी तशी थांबली. काटा मध्यावर. किल्ली फिरवली, काही नाही. पुन्हा फिरवली, काही नाही. मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि आत बघून मला काय कळणार होतं? बॉनेट आपटलं. टायरला लाथ घातली. मग इंग्लंडला, तिथल्या कारखान्याला आणि तुंगार्लीच्या शेठजींना जे बोललो ते देवीसमोर बोलायचं नव्हतं. बायकोने मुखवट्यावर पदर धरला.

पांढरी गाडी शेजारी येऊन उभी राहिली. काच खाली गेली. "काय रं," दादा म्हणाला, "इंग्रज गेलं व्हय सोडून?" टेंपोतले ढोलवालेसुद्धा हसले. दादा उतरला, दार उघडून धरलं. "आण देवीला हिकडं. एसी लावून ठेवलाय. बाराला अजून येळ हाय." मी त्याच्या अंगावर जाणार होतो. पण गुरवआबा म्हणाले, "थांबा दोघं. एकदा पाटावर बसली की तशी उचलता येत न्हाई. तिला इचारावं लागंल."

विचारायची आमच्याकडे रीत आहे. मुखवट्याच्या दोन्ही गालांना दोन ओली फुलं लावायची. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. आबांनी फुलं लावली आणि विचारलं, "आई, रामदासच्या गाडीतनं जाणार का?" डावं फूल पडलं. दादा म्हणाला, वाऱ्याने पडलं. दारं लावून, काचा वर करून पुन्हा विचारलं. पुन्हा डावं. मला इतका आनंद झाला की मी आबांचा खांदाच धरला. "आता माझं विचारा. ही गाडी सुरू होणार का?" आबांनी विचारलं. डावं. मी म्हणालो, आबा, उजव्या फुलाला पाणी जास्त लागलंय, परत लावा. पुन्हा डावं. मी म्हणालो, अजून एकदा. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाजार हाय व्हय ह्यो, भाव पाडाया?"

तेवढ्यात आंब्यापलीकडून बायका आल्या. पाचसहा जणी, वाडीतल्या. पुढे एक म्हातारी होती, तिला सगळे भागीमावशी म्हणतात. डोक्यावर पाण्याची कळशी, हातात हळदकुंकवाचं ताट. ती सरळ गाडीशी गेली, दार उघडून वाकली, आणि मुखवट्याच्या गालावरून अशी बोटं फिरवली, जशी माहेरी आलेल्या मुलीच्या फिरवावीत. "आलीस का गं बाय? लय सालं लावलीस."

मी विचारलं, मावशी, तुम्ही इथे कशा? ती माझ्याकडे वळली. "ह्यो इसावा न्हाई का तिचा? पायी जायची तवा हितं थांबायची. आमी पाणी द्यायचो, ओटी भरायचो. हितनं वर आमच्या वाडीनं न्यायची डोक्यावर. तुमच्या बापाला इचारलं असतं तर सांगितलं असतं." मग तिने ताट खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. "सडक झाली तवापासनं गाड्या भुर्रकन जात्यात. आमी दरसाली हितं उभ्या ऱ्हातो. तुमी पोंगा वाजिवता, आमी हात जोडतो."

पोंगा मीही वाजवला होता. मागच्या पाळीला, वाटेत उभ्या असलेल्या बायका बाजूला व्हाव्यात म्हणून. दादानेही वाजवला असणार, कारण तो आपल्या चपलांकडे बघत होता. बायकोने ओटीचं ताट भागीमावशीच्या हातात दिलं. आबांनी फुलं पुन्हा भिजवली, लावली, आणि या वेळी हळूच विचारलं, "आई, वाडीसंगं चालत जातीस का?" त्यांचा हात मागे यायच्या आत उजवं फूल पडलं.

मी यावर वाद घालत नाही. फूल ओलं असतं, पडतंच, हे मलाही कळतं. मी एवढंच सांगतो की ते पडलं आणि माझ्या अंगातला राग उतरला, जसा ताप उतरतो, घाम येऊन.

मुखवटा भागीमावशीच्या सुनेच्या डोक्यावर चढला. सडक सोडून जुन्या पायवाटेने वाडी पुढे, गाव मागे. ढोलवाले टेंपोतून उतरून चालत वाजवू लागले. मी सगळ्यांच्या शेवटी होतो, आणि माझ्या शेजारी धापा टाकत रामदासदादा. गाड्या दोन्ही खाली राहिल्या, उंच आणि ठेंगणी, आंब्याच्या एकाच सावलीत. चढ खडा होता. करवंदीच्या काट्यांत दादाचं धोतर अडकलं ते मी सोडवलं. त्याने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. किती वर्षांनी आम्ही एकमेकांना न भांडता काही दिलं घेतलं, आठवत नाही.

अर्ध्या वाटेवर मी घड्याळात बघितलं. बारा वाजून गेले होते. अट संपली होती, आणि वडिलांची पाळीही. मी मनात देवीला काहीतरी सांगायला लागलो, आणि लक्षात आलं की देण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. साडी, चोळी, बांगड्या सगळं सांगून झालं होतं, आणि तिने त्यातलं काही मागितलं नव्हतं. तिला विसाव्यावर थांबायचं होतं, ती थांबली. मग मी नुसता चालत राहिलो. नुसतं चालणं इतकं हलकं असतं, हे मला माहीत नव्हतं.

वर पोचलो तर सगळं पठार वाट बघत उभं. मला वाटलं होतं आरती होऊन गेली असेल. आबा म्हणाले, "देवीबिगर आरती कुणाची करणार? बारा तुमीच ठरिवलं हुतं, तिनं न्हाई." आरती झाल्यावर मी दादाला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "घे दादा, पाळी तुझी. मी शब्द दिला होता." आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट सांगितल्या भावाला देत होतो. दादाने कपाळावरचा घाम पुसला, मुखवट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला तिनं दोनदा न्हाई म्हणलंय," तो म्हणाला. "घिऊन काय करू?"

दुसऱ्या दिवशी कामशेतहून मेकॅनिक आला. त्याने किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. बॉनेट उघडून तास दीड तास शोधलं. "भाऊ, काय झालंच न्हाई हिला," तो म्हणाला. गावाने त्याचा अर्थ लावायचा तो लावला. आता बाजारात गाडी उभी केली की कोणीतरी बॉनेटला कुंकू लावून जातं, आणि ते ऊन लागून असं वाळतं की खरवडावं लागतं. बेडूक कोणी म्हणत नाही. दादाने मधे विचारलं, विकतोस का. मी भाव सांगितला नाही.

पुढच्या बैठकीत ठरलं की गाडी कोणाचीही असो, विसाव्यापर्यंत. तिथून वर वाडी. त्या वर्षी पाळी दुसऱ्या घराची होती, पण त्यांनी निरोप पाठवला, तुझी गाडी आण. मी देवीला घेऊन निघालो. काट्याकडे एकदाही बघितलं नाही. तो कुठे होता हे आजही सांगता येणार नाही. आंब्याखाली आलो, गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. भागीमावशी कळशी घेऊन उभी होती.

"गेल्या साली बिगडली हुती," ती हसून म्हणाली. "आज काय झालं?"

"आज थांबवली, मावशी," मी म्हणालो, आणि दार उघडून बाजूला झालो.