आमच्याकडे वळलेली खुर्ची

बाळांनो, वाघोलीच्या आमच्या सोसायटीचे आधीचे वॉचमन सैन्यातून निवृत्त झालेले होते. त्यांची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून असे. नवे पोलिसांतून निवृत्त झालेले. आल्या दिवशीच त्यांनी ती इमारतीकडे वळवली.

“अहो, चोर काय आमच्या गॅलरीतून येणार आहे?” मी विचारलं.

“आजी, फौजेचा शत्रू सीमेपलीकडे असतो,” ते सावकाश म्हणाले. “आमच्या नोकरीत तो शेजारीच राहायचा.”

सोसायटीतलं कोण कंपनीच्या गाडीतून रात्री किती वाजता उतरतं, हे त्यांना वहीशिवाय पाठ आहे. माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या बाईला असा माणूस हवाच, असं सगळे म्हणतात.

त्यांची नजर थेट माझ्या स्वयंपाकघरात येई, म्हणून एका सकाळी मी पडदा ओढला. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात ते.

“पडदा कधी नसतो, म्हणून आलो.”

“मी ठीक आहे.”

“तुम्ही दिसताय ठीक. आत आणखी कोण आहे?”

“कोणी नाही.”

आवाज अदबीचाच होता. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, दाराजवळच्या चपला पाहिल्या आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पडदा उघडा ठेवला. घरात एकटीच होते, तरी पदर सावरून चहा केला.