बावीस जोडे

"मौसी, पैर बाहर!"

मोठ्या मॅडम सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडल्या. माहा एक पाय गालिच्यावर होता. नुसता एक. आत एक पोट्टं रडून राहिलं होतं, त्याले उचलायले मी वाकली होती. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, त्यांनी माह्या टाचा पाहिल्या. धानाच्या रोवणीच्या चिखलानं फाटलेल्या, काळ्या. एक जण हसला. मी पाय मागे घेतला. मॅडमनं ओला रुमाल घेऊन तेवढी जागा पुसली. मी पायरीवर उभी राहून पाहत होती.

फुलचूरची ती नर्सरी. मी बिरसीकडून सायकलीनं यायची. तिथं मी मावशी. पोट्ट्यांचे जोडे काढायचे, नाक पुसायचं, बाथरूमले न्यायचं. पण वर्गात पाय ठेवायचा नाही. दाराबाहेर माहं स्टूल, बाजूले जोड्यांचं रॅक. पोट्ट्यानं गालिच्यावर मुतलं का मात्र आत बोलवत. तेव्हाही पोतं अंथरायचं, त्यावर गुडघे टेकायचे, मग पुसायचं.

आता पायरीवरून बावीस लेकरं कशी मोजाल? ते काय एका जागी बसतात? एक टेबलाखाली, एक पडद्यामागं. म्हणून मी डोकं लावलं. जोडे मोजू लागली. रॅकवर बावीस जोडे, म्हणजे आत बावीस पोट्टे. लई हुशार समजत होती मी स्वतःले. टीचर नवी पोरगी होती, तिलेही सोपं पडलं. ती आतून विचारायची, "मावशी, किती?" मी म्हणायची, "बावीस." झालं.

पोट्टं अनवाणी बाहेर जाऊ शकते, हे माह्या डोक्यातच आलं नाही. बाप्पा! मी स्वतः चौथीपर्यंत अनवाणी शाळेत गेली, तरी आलं नाही.

त्या दिवशी पाहुण्यांसाठी नाश्ता आला म्हणून मागचं दार उघडं होतं. मॅडम पाहुण्यांले घेऊन ऑफिसात गेल्या अन् टीचरलेही तिथं बोलावलं, पोट्ट्यांच्या वह्या दाखवायले. वर्गात एकटे पोट्टे. मी बाहेर. नुकताच माह्या पायाचा डाग पुसून झाला होता, आत जायची हिंमत कुठून येणार? रागही होता. म्हटलं, मरो, सांभाळा तुमचा गालिचा. हो, असंच म्हटलं मनात. खोटं कायले सांगू?

टीचर परत आली. "मावशी, सगळे आहेत ना?"

मी रॅककडे पाहिलं. "हाव. बावीस."

मग थाप ऐकू आली. मागच्या अंगणातून. धप. थोड्या वेळानं पुन्हा धप. मी जोडे पुसून राहिली होती. वाटलं, कोणीतरी सतरंजी झटकून राहिलं. उठून पाहिलं नाही. काऊन पाहीन? बावीस जोडे समोर होते ना.

सुटी झाली. आया-बाप आले, मी एकेकाले जोडे घालून देत गेली. शेवटी एक जोडी उरली. गुलाबी, फुलपाखराची. जियाची. साडेतीन वर्षांची पोरगी ती, "मावशी, उलटं घातलं" म्हणून रोज मलेच हसणारी.

तेव्हा ती थाप आठवली. मी धावली. मागं शाळेची व्हॅन उभी होती, भर उन्हात. गाडीवाल्यानं गाडीचं दार उघडं दिसलं म्हणून न पाहता लोटलं होतं अन् चहाले गेला होता. मी दार ओढलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. जिया सीटखाली पडली होती. लाल झालेली, केस भिजलेले, चड्डी ओली. डोळे उघडे, पण आवाज नाही. रडूनही आवाज नाही.

टीचरनं पाणी आणलं, अंग पुसलं, तिले रिक्षात टाकून दवाखान्यात नेलं. जगली पोरगी. दोन दिवसांनी घरी आली.

तिसऱ्या दिवशी तिची माय शाळेत आली. त्याआधी मॅडमनं मले गाठलं होतं. "पाँच मिनट बोलना. समझी? पाँच मिनट ही थी गाड़ी में." मी मान हलवली. हो, हलवली. घरात चूल त्याच कामावर पेटत होती.

माय आत आली अन् सरळ माह्याकडे आली. माहे दोन्ही हात धरले. "मावशी, तुम्ही होत्या म्हणून माझं लेकरू वाचलं." अन् खाली वाकली. माह्या टाचांना हात लावला तिनं. त्याच फाटलेल्या टाचांना.

अंगावर उकळतं पाणी पडलं असतं तर बरं झालं असतं.

"उठा बाई," मी म्हटलं. "पाच मिनिटं नाही. पाऊण तास होती तुमची पोरगी गाडीत. तिनं दार वाजवलं, मी ऐकलं, अन् गेली नाही. टीचरनं विचारलं तर मी म्हटलं, सगळे आहेत. पोट्टे मोजलेच नव्हते मी. जोडे मोजले."

मॅडम किंचाळल्या. "अनपढ़ कहीं की! गिनती भी नहीं आती?"

"येते," मी म्हटलं. "आठवी शिकली मी. चूक माही आहे, ती माह्या माथी. पण पोट्टे आत अन् मोजणारी बाहेर, हा नेम तुमचा आहे."

अन् मी गालिच्यावर चढली. दोन्ही पायांनी. मधोमध उभी राहिली. माय माह्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांतली माया गेली होती. जायलाच पाहिजे होती. तिनं माह्या हाताले पुन्हा हात लावला नाही.

काम त्याच दिवशी गेलं. पावसाळ्यात दुसऱ्या बालवाडीत लागली. जिया आता बरी आहे म्हणतात, पण बंद दाराजवळ जात नाही. हे मी केलं. कोणी कितीही समजावलं तरी हे मीच केलं.

नव्या ठिकाणच्या बाईनं पहिल्याच दिवशी दाराबाहेरचं स्टूल दाखवलं. मी ते उचललं, आत नेलं, पोट्ट्यांच्या मधात ठेवलं. म्हटलं, "माहे पाय चालत नसतील तर आत्ताच सांगा, दुसरी बाई पाहा. बाहेर बसून मी पोट्टे सांभाळणार नाही."

त्यांनी स्टूल तिथंच राहू दिलं. मी मोजायले लागली. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून. दर घंट्याले मोजते. कोणी हसलं तरी मोजते. हाताखाली गरम डोकं लागल्याशिवाय माह्या तोंडून आता आकडा निघणार नाही.