दोनशे छत्तीस नळ्या

आमच्या कारखान्यात हीट एक्स्चेंजर बनतात. एक मोठा आडवा दंडगोल, त्याला आम्ही शेल म्हणतो, आणि त्याच्या पोटात शेकडो बारीक नळ्या. नळ्यांतून तापलेलं तेल जातं, नळ्यांच्या बाहेरून गार पाणी, आणि पलीकडच्या तोंडातून तेल निवून निघतं. नळ्या किती, केवढ्या लांब, हे ठरवणारा माणूस वर ऑफिसात बसतो आणि त्या एकेक करून घट्ट बसवणारा खाली घाम गाळतो. वर बसणारे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी. खाली मी.

भावोजींना सगळे मागून ‘वीस टक्के’ म्हणायचे. गणिताचं उत्तर आलं की ते त्यावर वीस टक्के नळ्या वाढवायचे, उगीच कमी पडायला नकोत म्हणून. हा स्वभाव त्यांनी घरीही आणला होता. गाडी दहाची असली की हे नऊलाच स्टेशनावर. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं आणि कोपऱ्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा. स्वतःच्या लग्नात त्यांनी मोजून जास्तीच्या खुर्च्या मागवल्या होत्या आणि त्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या, हे ताई अजून सगळ्यांना सांगते. मीही त्यांची खूप थट्टा केली. पण एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही कामाची तक्रार आली नव्हती, हेही खरं.

गेल्या महिन्यात आली. एका गिऱ्हाइकाकडे तेल साठ अंशांवर निघायला हवं होतं, ते पंच्याऐंशीवर निघत होतं. साहेबांनी भावोजींना काही म्हणजे काही विचारलं नाही. मला वाटलं, केवढा हा मान. भावोजींना वाटलं, साहेबांनी बोलणंच टाकलं. त्यांनी आपल्या जुन्या-नव्या सगळ्या कामांची फाइल घरी नेली आणि चार दिवस तिच्यातून डोकं वर काढलं नाही. अन्नावरची वासना उडाली. शेवटी ताईने मला बोलावून घेतलं.

रविवारी दुपारी गेलो, तर जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. भावोजींची दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. मला बसवून त्यांनी सगळं समजावलं, जणू मी परीक्षा घेणारा होतो. मूळ गणितात एकशे शहाण्णव नळ्या आल्या होत्या. त्यांनी सवयीने वाढवून दोनशे छत्तीस केल्या. पण तेल तेवढंच. जास्त नळ्यांत वाटलं गेलं की प्रत्येक नळीतला वेग पडतो. वेग पडला की तेल घुसळलं जात नाही, भिंतीलगतचं तेवढं निवतं आणि मधलं गरमच्या गरम निघून जातं. नळ्यांची लांबी वाढवली असती तर चाललं असतं, संख्या वाढवली तिथे घात झाला. वाढवल्यावर त्यांनी वेग पुन्हा तपासलाच नव्हता.

“उद्या साहेबांना सांगतो आणि राजीनामा देतो,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं तेलाचं गणित केलं आणि तेल मला कळलंच नाही.”

माझं लक्ष त्या आकड्यावर अडकलं होतं. कोणत्या कामात किती नळ्या बसवल्या हे मी खिशातल्या डायरीत लिहितो, कारण मोजणीच्या बाबतीत माझा कोणावर विश्वास नाही. त्या कामाच्या नळ्या मी माझ्या हाताने बसवल्या होत्या. गप्प बसता आलं असतं. पण ताई दारात ताट घेऊन उभी होती, आणि ते ताट तिने तिसऱ्यांदा गरम केलं होतं. आपण या माणसाच्या मानेवरचं जोखड काढतोय, अशा थाटात मी बोललो. हसलोसुद्धा.

“भावोजी, तुमची चूक नाहीच. त्यात दोनशे छत्तीस नळ्या नाहीत. एकशे अडुसष्ट आहेत.”

त्यांनी डायरी मागितली नाही. म्हणाले, वाच. त्याआधीच्या कामाचा आकडा मी वाचला, त्यांनी फाइलमध्ये पाहिला. जुळला नाही. त्याच्या आधीचाही नाही. आम्ही मागे मागे जात राहिलो. माझा आवाज बारीक होत गेला, पण ते पुढचं पान उलटून थांबायचे, म्हणून वाचावं लागत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या एका कामाला मी एकशे बारा म्हणालो आणि ते म्हणाले, “एकशे बारा.” त्या आधीचे सगळे जुळले.

तीन वर्षांपूर्वी खाली येणाऱ्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली भावोजींची सही गेली होती आणि तिथे एक छापील शिक्का आला होता. मी पाहिलं होतं. पद्धत बदलली असेल म्हटलं आणि कामाला लागलो. एका शब्दाने विचारलं नाही, याची मला आज लाज वाटते.

सोमवारी ते तरीही साहेबांकडे गेले. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. चूक माझी आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. साहेब मायेने बोलले, हेच वाईट झालं. म्हणाले, गिऱ्हाइकाच्या माणसाने बगलेचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवला होता, निम्मं तेल एक्स्चेंजरला वळसा घालून जात होतं. सकाळीच फोन आला. आणि डिझाइन हल्ली बाहेरून कॉम्प्युटरवर करून येतं. हे कधीच सांगायला हवं होतं, पण तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून तुमच्याकडे फाइली पाठवत राहिलो. तुमचा या तक्रारीशी काही संबंध नाही, तुम्ही निश्चिंत राहा.

भावोजी खाली आले आणि माझ्या मशीनजवळ उभे राहिले. मी मशीन बंद केलं. म्हटलं, चला, डोक्यावरचं ओझं तर उतरलं.

त्यांनी शेलमध्ये अर्ध्याच बसवून झालेल्या नळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “निदान ती चूक तरी माझी राहू द्यायची होतीस.”