परमिट रूमच्या दारातले सुभेदार

रागावण्यासाठी सरकारने परवाना काढला, तर आष्ट्यात तो फक्त आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांना मिळेल. बाकीच्यांचा राग त्यांच्यापुढे नुसती कुरकुर आहे. भेंडी जून निघाली की ते भाजीवालीवर रागावत, आणि कोवळी निघाली की इतके दिवस कुठं लपवली होतीस म्हणून रागावत. दारूला त्यांनी पलटणीतही हात लावला नाही. तरीही रोज संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये, दाराशेजारच्या खुर्चीवर, सोडा घेऊन बसत. आत येणाऱ्याने मोटरसायकलची चावी त्यांच्याकडे द्यायची, हा म्हाताऱ्या मालकाने घालून दिलेला रिवाज होता. तो निघाला की सुभेदार त्याच्या सासूच्या माहेरचं गाव विचारत. न अडखळता सांगितलं तर चावी मिळे. नाहीतर गडी चालत घरी जाई आणि सकाळी त्याची बायको येऊन चावी नेई. एकदा नुसते मासे खायला आलेले, जन्मात थेंब न घेतलेले एक मास्तर या प्रश्नावर अडकले.

"आवं मास्तर, सोड्यानंच चढली व्हय?"

"मला खरंच ठाऊक नाही हो, सुभेदार."

"मग चालत जावा, आन् घरात इचारा."

मास्तर चालत गेले.

मालक वारले आणि मुलांनी जागा सांगलीच्या दोन भागीदारांना भाड्याने दिली. त्यांनी बाकडी भंगारात घातली, निळे दिवे लावले आणि गाणी इतक्या मोठ्याने सुरू केली, की शुद्धीवरच्या माणसालाही सासूचं माहेर ओरडून सांगावं लागे. पुढच्याच आठवड्यात त्यांतला धाकटा भागीदार सुभेदारांपुढे उभा राहिला. "आजोबा, गिऱ्हाईक वैतागतंय. चाव्यांचं बंद करा. आणि ऑर्डर नसंल तर खुर्ची सोडा."

"दारू इक की गड्या, मी कुटं नगं म्हणतोय? चावी तेवढी ऱ्हाऊ दे माज्याकडं. मानसं घरला पोचाय पायजेत."

"ते आमचं काम नाही."

सुभेदार रस्त्यावर येऊन फाटकाशी उभे राहू लागले. येणारे हसून पुढे जात. गल्लीतला सुतारही एका संध्याकाळी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता, सुभेदार. लोक हसत्यात." चावी खिशात ठेवून तो आत गेला. परतताना वळणावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो धडकला. जीव वाचला, उजवा हात आता मिटत नाही. रंधा त्याला धरता येत नाही.

भागीदार म्हणतात, आमच्या आवारात काहीही घडलेलं नाही. विधान अचूक आहे. गाणी त्या आठवड्यातही चालू होती.

सुतार दवाखान्यातून घरी आल्यावर सुभेदारांबरोबर मी त्याला भेटायला गेलो. सुभेदार जाताना रस्ताभर भागीदारांना शिव्या देत होते. सुताराच्या समोर बसले आणि त्याच्या हाताकडे बघत राहिले.

"सुभेदार, काय तरी बोला की," सुतार म्हणाला. "चार शिव्या तरी घाला."

सुभेदारांनी त्याचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. सुताराच्या बायकोने चहा आणून दिला. त्यात साखर फार पडली होती. त्यांनी तो तसाच प्यायला.