अडुळशाचं कुंपण

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी औरंगाबादहून पाचोडला शिक्षिका म्हणून गेले. शाळेला लागूनच खोली मिळाली. अंगणात गुलाब लावले, जास्वंद लावली, आणि बाजाराच्या दिवशी शेळ्यांनी ती फस्त केली. शेळ्या विकायला येणारे एक म्हातारे चाचा त्या माझ्या भिंतीच्या सावलीत बांधत. तिसऱ्या वेळी मी बाहेर जाऊन त्यांना चांगलंच सुनावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढच्या बाजारी ते अडुळशाच्या काड्यांची जुडी घेऊन आले.

"बाई, ह्याला शेळी तोंड लावत नाय. लई कडू. बारा महिने हिरवं राहतं. कुंपणच करून टाका."

पावसाळा निम्मा सरला होता, जमीन मऊ होती. अंगणात उकिडवे बसून त्यांनी दाखवलं. काडी वीतभर लांब, शिसपेन्सिलीएवढी जाड. वरची दोन पानं ठेवायची, बाकीची काढून टाकायची. खालचं टोक तिरकं कापायचं आणि दोन पेरं मातीत जातील अशी खोचायची.

"मुळी पेरातूनच फुटते. माती ओली ठेवा, चिखल नको. आन् महिनाभर हात लावू नका."

तेच मला जमलं नाही. रोज सकाळी मी काड्या उपसून मुळी फुटली का बघायचे आणि परत खोचायचे. पंधरा दिवसांत सगळ्या वाळल्या. चाचांनी विचारलं तेव्हा मी सरळ म्हणाले, "तुमच्या शेळ्यांनी उपटल्या."

त्यांनी काड्यांकडे पाहिलं. सुकलेली पानं तशीच लोंबत होती, एकही कुरतडलेलं नव्हतं. "बरं," एवढंच ते म्हणाले. पुढच्या बाजारी दुसरी जुडी देऊन गेले. त्या दिवशी शेळ्या मात्र रस्त्यापलीकडं, भर उन्हात बांधल्या होत्या.

ते बघून मला आठवडाभर चैन पडलं नाही. नंतरच्या बाजारी मी चहा घेऊन गेले आणि सांगून टाकलं, "चाचा, त्या काड्या मीच उपसत होते."

"मालूम होतं," ते म्हणाले. "आमच्या घरात बी असंच करतेत. म्हणून ह्या जुडीत चार काड्या जादा घातल्या, तुम्हाला उपसून बघायला."

त्या चारच मी उपसल्या. बाकीच्यांना दिवाळीपर्यंत नवी पानं फुटली. दर पावसाळ्यात शेंडे छाटत गेले तसं कुंपण दाट झालं. दुसऱ्या हिवाळ्यात त्याला फुलं आली, पांढरी, आत जांभळ्या रेघा असलेली, आणि सकाळपासून मधमाश्या त्यांच्यावर घोंगावू लागल्या. शेळ्या पुन्हा भिंतीच्या सावलीत आल्या होत्या. चाचा जाताना मूठभर पानं तोडून न्यायचे, घरी खोकल्याचा काढा करायला. कधी विचारायचे, कधी नाही. मी त्या गावात पाच वर्षं राहिले.